वेळा लिहून ठेवणारं कुणीतरी हवं

'खाजगी विद्यापीठांना खेळाचा कसला इतिहास, मैदानं काय ती सामन्यांना भाड्याने द्यायला' हे मत मला पटत नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमबद्दल म्हणाल तर २००८ च्या पहिल्या आयपीएलची फायनल आणि २०२५ च्या महिला विश्वचषकाची फायनल तिथेच झाली, पण ते पाहुण्यांचे सामने, हे मान्य. विद्यार्थ्यांच्या खेळाचं मोजमाप वेगळं आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांमधल्या कामगिरीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो, तोही १९५६-५७ पासून. २०२४ च्या पुरस्कारांत पहिली चंडीगड युनिव्हर्सिटी आणि दुसरी लव्हली प्रोफेशनल, दोन्ही खाजगीच!

कमी पडतात त्या नोंदी. मी नवी मुंबईतल्या एका छोट्या खाजगी विद्यापीठाकडून आठशे मीटर धावायचे. ट्रॅक नव्हताच, पहाटे पाम बीच रोडच्या कडेने सराव. आमचे क्रीडाशिक्षक लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाची वेळ लिहायचे, सेकंदाच्या दशांशासकट, आणि पाऊस असेल तर समोर छोटं 'पा'. सर निवृत्त झाले, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर गेलं आणि ती चारही रजिस्टरं रद्दीत गेली. मला अजून वाईट वाटतं. माझ्याआधीच्या मुली किती वेगात धावल्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्याकडे अशी वही असेल तर आजच मोबाईलवर पानांचे फोटो काढून ठेवा.