शब्दचर्चा: 'डाय'ला साचा म्हणावं की ठसा? (रोमन सोन्याची नाणी किती पाडली, या हिशेबातले शब्द)

बावनकशी:
रोमन ऑरियस नाण्यांवरचा मजकूर मराठीत आणतोय. एका प्रकारच्या नाण्यासाठी किती 'डाय' (नाण्यावर चित्र आणि अक्षरं उमटवणारी हत्यारं) वापरले ते मोजून एकूण नाण्यांचा आकडा काढतात, असं त्यात आहे. मी 'साच्यांची संख्या' लिहिलं, पण खटकतंय. 'होर्ड' (एकत्र सापडलेला नाण्यांचा साठा) आणि 'एस्टिमेट' यांनाही नेमके शब्द हवेत.

घणकरी:
साचा नको. साच्यात ओततात, आणि ऑरियस ओतीव नाही, ठोकीव आहे. वजनाला बरोबर अशी कोरी चकती घ्यायची, ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि घण घालायचा. रोममधल्या इ.स. ११५ च्या एका शिलालेखात टांकसाळीतल्या कामगारांचे वर्ग आले आहेत. त्यांत 'सुप्पोस्तोरेस' म्हणजे चकती ठेवणारे आणि 'माल्लिआतोरेस' म्हणजे घण मारणारे. ओतणारा असेल तर तो चकतीपुरता.

आणखी एक. 'साच्यातला ऑरियस' म्हटलं की जाणकार ते नाणं खोटंच धरेल. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल भिंगाखाली ओळखू येते: अक्षरांच्या कडा बोथट, सपाट भागावर बारीक छिद्रं आणि कडेला घासून काढलेली जोडरेघ.

मोडीवाला:
ठसा बरोबर, पण त्यात एक गोची आहे. बोटांचे ठसे, पावलांचे ठसे म्हणतो तेव्हा ठसा म्हणजे उमटलेली खूण. इथे तोच शब्द उमटवणाऱ्या हत्याराला लावतोय. म्हणून हत्यार तो 'ठसा' आणि नाण्यावर उमटते ती 'छाप', असं पहिल्याच परिच्छेदात ठरवून टाका. मग 'या तीन नाण्यांवर एकाच ठशाची छाप आहे' हे वाक्य कुठेच अडत नाही.

दोन बाजूंसाठी 'पुरोभाग-पृष्ठभाग' कशाला? छापा-काटा आहेच की. सम्राटाचं मुख तो छापा.

घणकरी:
छापा-काटा चालेल, फक्त 'छाप' आणि 'छापा' एकाच वाक्यात आणू नका. फरक महत्त्वाचा आहे, कारण मोजणी सहसा छाप्याच्या ठशांची करतात. तो खाली ऐरणीत आधाराला असतो. काट्याचा ठसा घणाचा मार थेट खातो आणि आधी तडकतो, म्हणून काट्याचे ठसे बहुधा जास्त लागतात.

बावनकशी:
ठीक, ठसा. आणि 'एस्टिमेट'ला अंदाज?

आकडेमोड:
इथे एक शब्द पुरणार नाही, कारण हिशेब दोन टप्प्यांचा आहे आणि दोन्ही टप्पे सारखे भरवशाचे नाहीत.

पहिला टप्पा: ठसे एकूण किती होते? उपलब्ध नाण्यांची छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून ठसे ओळखतात. वजन किंवा झीज पाहून उपयोग नाही. अक्षरांची जागा बघायची: मुकुटाच्या फितीचं टोक कोणत्या अक्षराकडे जातं, नाकासमोर कोणतं अक्षर येतं, कडेच्या ठिपक्यांची रांग लेखाला कुठे भिडते. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन ठशांत हे सगळं तंतोतंत जुळत नाही.

मानीव उदाहरण घ्या. १८० नाणी पाहिली, छाप्याचे ६० वेगळे ठसे सापडले. गणितज्ञ वॉरन एस्टी यांचं एक सोपं सूत्र आहे: नाणी गुणिले ठसे, भागिले (नाणी वजा ठसे). १८० × ६० ÷ १२० = ९०. म्हणजे ३० ठसे आपल्याला दिसलेलेच नाहीत. आता त्या ६० पैकी २० ठशांचं एकेकच नाणं मिळालं असेल, तर शंभर टक्क्यांतून २० ÷ १८०, म्हणजे ११ टक्के, वजा जाता उरतात ८९ टक्के. त्याचा अर्थ, पाडलेल्या एकूण नाण्यांपैकी सुमारे ८९ टक्के नाणी आपल्याला माहीत असलेल्या ठशांचीच आहेत. ठसे दोन तृतीयांशच दिसले, तरी नाण्यांचा मोठा भाग हाती आला, कारण न दिसलेले ठसे बहुतेक थोडकीच नाणी पाडून बाद झालेले. या टप्प्याला 'अनुमान' म्हणा. चूक किती असू शकते हेही इथे गणिताने सांगता येतं.

दुसरा टप्पा: एका ठशातून किती नाणी? इथे मात्र निव्वळ 'अदमास'. प्रजासत्ताककालीन डिनेरियससाठी (रोमन चांदीचं नाणं) नाण्यांचे अभ्यासक मायकेल क्रॉफर्ड यांनी छाप्याच्या ठशामागे ३०,००० धरली होती. दुसरे अभ्यासक थिओडोर बट्रे यांनी अशा सरसकट आकड्यांवरच कडक टीका केली. दर ठशामागे १०,००० धरली तर ९० ठशांची ९ लाख नाणी, ३०,००० धरली तर २७ लाख. नीरोच्या इ.स. ६४ च्या सुधारणेनंतर एका रोमन पौंडात ४५ ऑरियस पाडत. पौंड सुमारे ३२३ ग्रॅमचा धरला, तर तेच सोनं एका हिशेबाने साडेसहा टन आणि दुसऱ्याने एकोणीस टनांवर! ठसे तेच, नाणी तीच, बदललं फक्त एक गृहीतक.

घणकरी:
त्यात भर. ठसा झिजेपर्यंत वापरलाच, असं नाही. सम्राटाच्या पदव्या छाप्यावर किंवा काट्यावर कोरलेल्या असत आणि जनाधिकाराचा (सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या ट्रिब्यूनच्या, म्हणजे लोकप्रतिनिधीच्या, अधिकाराचा) आकडा दरवर्षी वाढे. आकडा बदलला की चांगला ठसाही कालबाह्य. सोनं मऊ, तेव्हा सोन्याचे ठसे झिजण्याआधीच बाद होण्याची शक्यता जास्त. पितळी नाण्यांवरून काढलेला दर ऑरियसला लावू नये.

मोडीवाला:
अनुमान आणि अदमास, जोडी झकास. शीर्षकात तेवढं 'उत्पादन' लिहू नका, ते साबणाचं होतं. नाणी 'पाडतात'. 'रोमने किती ऑरियस पाडले?' इतकं पुरे.

'होर्ड'ला 'निधी' शास्त्रीय आहे, पण आज निधी म्हटलं की आमदार निधी आठवतो. 'नाणेनिधी' लिहा. 'घबाड' नको, ते सापडणाऱ्याच्या बाजूने झालं.

आकडेमोड:
नाणेनिधीवर विसंबताना जपून. जर्मनीत ट्रिअरला १९९३ मध्ये अडीच हजारांवर ऑरियस मिळाले, सुमारे साडेअठरा किलो. एवढा साठा मोहात पाडतो. पण एखाद्या निधीतली नाणी टांकसाळीतून थेट थैलीत गेली असतील, तर एकाच ठशाची नाणी गठ्ठ्याने येतात आणि ठशांचं अनुमान खाली घसरतं.

नोंदीतल्या चुका दोन दिशांना जातात. तेच नाणं दोन लिलावांच्या यादीत आलं आणि दोनदा मोजलं, तर आकडा कमी येतो. वरच्या १८० पैकी १० नाणी अशी दुबार निघाली, तर ती वगळल्यावर ९० चे ९३ होतात, फार बिघडत नाही. पण झिजलेला किंवा पुन्हा कोरून धार दिलेला ठसा नवा समजलात आणि असे ६ ठसे जादा धरलेत, तर ९० चे थेट १०४. आधी नजर पक्की करा, सूत्र नंतर.

बावनकशी:
'ऑरियस'ला सरळ 'मोहर' म्हटलं तर?

मोडीवाला:
मोहर म्हटलं की मुघल काळ डोळ्यांपुढे येतो. ऑरियसचा मूळ अर्थच 'सोन्याचं (नाणं)'. आपल्याकडे त्याला जुळणारा शब्द 'सुवर्ण', आणि तो नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा रोख हिशेब दिला आहे. हे सुवर्ण म्हणजे नेमकं कोणतं नाणं यावर मतभेद आहेत, तेव्हा भाषांतरात 'ऑरियस'च ठेवा. अनेकवचनही तेच: एक ऑरियस, शंभर ऑरियस.

घणकरी:
भारतात मिळालेली नाणी मोजणीत घ्यायची असतील तर एक अडचण आहे. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला ५०१ ऑरियस सापडले आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीचा घाव आहे. घावाखाली केसांच्या बटा आणि कान दिसत नाहीत, म्हणून चेहऱ्यावरून ठसा ओळखायला जाऊ नका. कडेची अक्षरं बहुधा शाबूत असतात, ठसा त्यांवरून जुळवायचा. आणि या घावाला 'ठोका' म्हणू नका, वाचकाला तो टांकसाळीतला वाटेल. 'छिन्नीची चीर' लिहा.