टोचन, कर्षण की नुसती ओढ? गाडीमागे गाडी लावण्याला काय म्हणावं

बर्फातली काकू
मंडळी, अडलेय. आमच्या डेन्व्हरच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय तसा रुक्ष, पण इथे अर्ध्या घरांच्या कामाचा. एसयूव्हीमागे कॅम्पर (चाकांवरचं छोटं घर) नाहीतर बोट लावून लोक डोंगरात जातात. तर गाडीची ओढायची ताकद वाढवायची आणि तरी ॲव्हरेज पडू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं. मी आपली बेधडक 'टोचन क्षमता' लिहून मोकळी झाले. आईला फोनवर वाचून दाखवलं (ती साताऱ्याला), तर पहिलाच प्रश्न, "अगं, पण गाडी बंद कुठे पडली?"

संपादककाकांनी परत पाठवलेल्या मजकुरात 'टोचन'च्या जागी 'कर्षणक्षमता' होतं आणि 'ॲव्हरेज'च्या जागी 'इंधनकार्यक्षमता'. माझंच पहिलं वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. चालू, धडधाकट गाडीनं मागे ट्रेलर ओढायचा, याला आपल्याकडे म्हणतात काय?

तेरा नंबरचा पाना
काकू, तुमच्या आईंचं बरोबर आहे. माझं हायवेला गॅरेज आहे, रोज हाच शब्द कानावर. टोचन म्हणजे बंद गाडी. दोरानं ओढली तरी टोचन, सळई लावून नेली तरी टोचन. क्रेननं पुढची चाकं वर घेतली की 'उचलली'. नो पार्किंगमधून पोलिसांनी नेली तर तीही 'उचलली'च. पण ट्रॅक्टरमागे ट्रॉली असते तेव्हा 'ट्रॉली टोचन केली' असं कोण म्हणतं? ट्रॉली 'लावली', 'जोडली', फार तर 'अडकवली'.

टोचनमध्ये खरा ड्रायव्हर मागच्या गाडीत बसवावा लागतो. आम्ही त्याला सांगतो, दोर ढिला पडू देऊ नको, थांबायचं असलं की ब्रेक तू मार, पुढचा मारणार नाही. शिवाय इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा होतो, उभं राहून दाबावा लागतो. तुमच्या कॅम्परमध्ये बसतं का कोण? मग टोचन कसलं?

शुद्धमती
'टोचन' हा 'टो चेन'चा अपभ्रंश आहे, एवढं तरी मान्य करूया. दिवाळी अंकात अपभ्रंश कशाला? 'कर्षण' उत्तम शब्द आहे. कृष् म्हणजे ओढणे, त्यावरूनच आकर्षण आणि कृषी. बलरामाला संकर्षण म्हणतात, कारण देवकीच्या पोटातला गर्भ ओढून रोहिणीच्या पोटी नेला. इतकी परंपरा घरात असताना गॅरेजमधून शब्द उसना आणायची गरज नाही. 'महापौर'लाही लोक आधी हसलेच असतील.

चावडीवरचा
संकर्षण म्हणजे पहिलं टोचन तर! 😄

बाकी 'टो चेन'ची व्युत्पत्ती मला कधीच पटली नाही. हुक समोरच्या गाडीत *टोचतो*, म्हणून टोचन. सरळ मराठी आहे. आमचे आजोबा इंग्रजी चौथीच शिकलेले, तेही टोचनच म्हणायचे.

तेरा नंबरचा पाना
आजोबा 'टेशन'पण म्हणत असतील. तेही मराठी का?

लुधियाना रिटर्न
टोचणेवाली व्युत्पत्ती गोड आहे, पण टिकत नाही. मी पंजाबात सहा वर्षं नोकरी केली. तिथेही टोचनच म्हणतात. इतकंच काय, दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं बांधतात आणि कोण कोणाला ओढून नेतो याची चुरस लागते, त्या खेळाचंही नाव टोचन. त्यांच्याकडे मराठी 'टोचणे' कुठून जाणार? साखळीच आहे ती. आणि बघा, तिथले दोन्ही ट्रॅक्टर चांगले चालू असतात. तेव्हा 'टोचन म्हणजे बंद गाडी' हा नियम आपल्याकडचा झाला.

चावडीवरचा
पंजाबात आपले लोक पानिपताच्या आधीपासून जातायत.

टेकडीमागचा
शब्दाआधी वस्तू नीट पाहू. (पुण्यात एआरएआयच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, टेकडीमागे राहतो, गाड्यांच्याच धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून आगाऊपणा करतो.) काकू, तुमच्या वाक्यातच घोळ आहे. गाडी किती वजन ओढू शकते म्हणून कंपनी जो आकडा देते, तो नुसत्या *ताकदीचा* नाही. ताकद इंजिनात पुष्कळ असते. ती गाडी किती *सोसेल*, याचा तो आकडा आहे: चासी, ब्रेक, गिअरबॉक्सचं तेल, मागचे टायर, हुक. यातलं जे सगळ्यांत कमी सोसतं, त्यावर बेत ठरतो. बाजारातून ८,००० पौंडांचा हुक आणून ३,५०० पौंडांच्या गाडीला लावला, तर गाडी ३,५०० चीच राहते. हुकाला वाईट वाटत असेल एवढंच.

म्हणून 'क्षमता वाढवणे' हा प्रयोगच मला खटकतो. गिअरबॉक्स-तेलाला वेगळा कूलर बसवला, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक दिले, टायरमध्ये हवा नेमकी भरली, तर ओढणं *सुसह्य* होतं. कंपनीचा आकडा तसूभर हलत नाही. मी 'ओढमर्यादा' म्हणेन.

बर्फातली काकू
'सोसणं' आवडलं. पण मग ते मागच्या धुरीचं गुणोत्तर? त्यानं तर आकडा बदलतो ना?

टेकडीमागचा
बदलतो, पण तो गाडी विकत घेतानाच निवडायचा. ३.९२ म्हणजे चाकं एकदा फिरायला शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) ३.९२ वेळा फिरतो. ओढायला जोर मिळतो, पण रिकामी गाडी हायवेला पळवतानाही इंजिन तितकंच जास्त फिरतं आणि इंधन पितं. ३.२१ घेतलं की ॲव्हरेज चांगलं, चढावर रडारड. पूर्वी यातलं एकच मिळायचं. आता आठ-दहा गिअरचे बॉक्स आले. पहिला गिअर एकदम जोराचा, शेवटचे दोन-तीन एकदम निवांत. म्हणजे दोन्ही हातात लाडू, बऱ्यापैकी.

आणि 'धुरी' हिंदी आहे हो. मराठीत धुरा म्हणजे जू असतं त्या बाजूचं टोक. चाकं ज्यावर फिरतात तो आस, किंवा कणा.

शुद्धमती
'अक्ष' म्हणा.

तेरा नंबरचा पाना
आम्ही 'हौसिंग' म्हणतो. अक्षबिक्ष मागितलात तर पोरगा चहा घेऊन येईल.

उसाचा फड
उशिरा आलो, तोड चालू आहे. आमच्याकडे ट्रॅक्टर, अंगद (छोटा ट्रॅक्टर), बैलगाडी, तिन्ही रस्त्याला. ओढण्याला आम्ही ओढणंच म्हणतो. "दोन ट्रॉल्या ओढतोय का तुझा?" एवढाच प्रश्न. क्षमता वगैरे कारखान्याच्या कागदावर.

बर्फातली काकू
फडदादा, मग एक तुम्हालाच विचारते. कॅम्परचा दांडा गाडीच्या हुकावर जे वजन टाकतो, त्याला इंग्रजीत 'जिभेचं वजन' म्हणतात. एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. म्हणजे १,८०० किलोच्या कॅम्परला १८० ते २७०. संपादककाकांनी 'जिव्हाभार' केलंय. ते वाचून मुलगा जमिनीवर लोळून हसला.

याचा धडा मला चांगलाच मिळालाय. गेल्या जूनमध्ये इथल्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चाललो होतो. कॅम्परची पाण्याची टाकी मागच्या टोकाला, ती मी हौसेनं काठोकाठ भरली. वर सायकलीही मागेच टांगल्या. उतार लागला आणि आरशात कॅम्पर डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. स्टिअरिंग हातातच होतं, पण गाडी ऐकेना. ब्रेकवर पाय जाणार तेवढ्यात नवरा ओरडला, "नको!" ॲक्सिलरेटर सोडून दिला, त्यानं कॅम्परच्या ब्रेकची कळ हातानं दाबली आणि हळूहळू शेपूट शांत झालं. थांबून आधी टाकी रिकामी केली. मग अर्धा तास कोणी बोललं नाही.

उसाचा फड
ताई, गाडी *उलाळ* झाली होती तुमची! मागं वजन जास्त पडलं की बैलगाडीचं जू वर उठतं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. त्याला उलाळ म्हणतात. आणि मानेवर येतो तो *दाब*. फार पुढं भरलं तर दाब जादा होतो, बैल मान टाकतो. आमचे वडील गाडी भरून झाली की जू एका हातानं उचलून बघायचे. बोलायचे काही नाहीत. दोन मोळ्या मागं टाकायच्या का पुढं, ते हातानंच कळायचं त्यांना. ट्रॅक्टरचंही तेच, ट्रॉलीचा दाब जादा झाला की चढाला पुढची चाकं उठतात.

टेकडीमागचा
चाळीस वर्षं मी हे इंग्रजीत शिकवत आलो. 'दाब' आणि 'उलाळ'. दोन शब्दांत माझा एक तास.

शुद्धमती
'उलाळ' चांगला आहे, हे मान्य. पण 'दाब' चालणार नाही. दाब म्हणजे प्रेशर. हवेचा दाब, रक्तदाब. टायरमधल्या हवेचा दाब आणि दांड्याचा दाब एकाच परिच्छेदात आले तर वाचक काय समजेल?

उसाचा फड
ताई, बैलाच्या मानेवरचा दाब रक्तदाबाच्या आधीपासूनचा आहे. त्यांनी बदलावं.

लुधियाना रिटर्न
ॲव्हरेजचं राहिलंच. 'ॲव्हरेज' म्हणजे सरासरी. "गाडी किती सरासरी देते" याला काही अर्थ आहे का? आणि 'मायलेज'मध्ये मैल बसलेत, आपण तर किलोमीटर मोजतो.

तेरा नंबरचा पाना
अर्थ नसेना का, गिऱ्हाईक तेच विचारतं. "ॲव्हरेज पडलंय, बघा जरा." 'पडलंय'वरूनच मला कळतं एअर फिल्टर बघायचा की ब्रेक घासतोय ते. 'इंधनकार्यक्षमता न्यून झाली आहे' म्हणणारा माणूस आला तर मी आधी त्याला पाणी देईन.

शुद्धमती
विनोद चांगला आहे. पण सगळे असेच हसत राहिले तर मराठीत तंत्रज्ञान लिहायचं कुणी? आगगाडी, आगबोट, आगपेटी हे शब्दही कुणीतरी धीर करून केले ना?

चावडीवरचा
ते लोकांच्या तोंडून आले हो, समितीतून नाही. समितीनं 'अग्निरथ' दिला असता.

बर्फातली काकू
माझ्या लेखात ॲव्हरेजच राहणार, त्यावरून काकांशी भांडेन. माझी गाडी रिकामी असताना गॅलनला २२ मैल देते, कॅम्पर लावला की ११. आपल्या हिशेबानं लिटरला साधारण साडेनऊवरून पावणेपाचावर. निम्मं! आधी वाटायचं वजनामुळे. तसं नाही म्हणे?

टेकडीमागचा
वजन चढावर आणि दर वेळी थांबून निघताना खातं. सपाट हायवेला खाते ती हवा. कॅम्पर म्हणजे रस्त्यावर उभी केलेली भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ताशी ६५ मैलांवरून ५५ वर आलात तर तो सुमारे २८ टक्क्यांनी उतरतो. काही न विकत घेता. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ चीच मर्यादा आहे.

तुमच्या उंचीचंही लिहा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. तुमचा तो बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे एक तृतीयांश ताकद खालीच ठेवून तुम्ही चढता. तिथे टर्बो असलेलं छोटं इंजिन उपयोगी. रिकामं असताना कमी पितं, ओढताना हवा दाबून घेतं. मात्र ओढताना तेही भरपूर पितं. जाहिरातीत दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहितात, वाचकाला वाटतं एकाच वेळी मिळतील.

शुद्धमती
पुन्हा 'हवा दाबून'. बघा.

बर्फातली काकू
आताच काकांचा निरोप आला. शीर्षकात 'कर्षण', मजकुरात 'ओढणे', चित्राखाली 'टोइंग'. 'जिव्हाभार' काढलाय. 'उलाळ'ला चौकट देणार आहेत, पण त्यांना त्याचं लिंग हवंय. फडदादा, तो उलाळ, ती की ते?

उसाचा फड
असं कधी म्हणायची वेळच आली नाही. "गाडी उलाळ झाली", संपलं. आईला विचारून सांगतो.

चावडीवरचा
ते होईपर्यंत मला कुणी सांगा, छोट्या ट्रॅक्टरला 'अंगद' का म्हणतात? पाय रोवतो म्हणून? मग तो ओढतो कसा?