मदत हवी आहे: बालीसाठी कोणतं ई-सिम घ्यावं? सोमवारी रात्री निघतोय

कर्वेरोड_कट्टा (शनिवार, १४ मार्च २०२६, सकाळी ९:१०)
नमस्कार मंडळी. बायको, मी आणि दोन मुलं बालीला चाललोय. इंटरनेटसाठी ई-सिम (कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये येणारं सिम) घ्यायचंय. सकाळपासून तुलना वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. कुणी म्हणतं अनलिमिटेड, कुणी रोज १ जीबी, कुणी महिन्याला ५ जीबी. इथे जाऊन आलेले बरेच आहेत. एकच नाव सांगा, घेतो आणि मोकळा होतो. "गूगल करा" म्हणू नका, तेच करतोय.

चिंबोरी (९:२२)
फोन कोणता?

आकडेमोड (९:३१)
किती दिवस? सगळ्यांना नेट हवं की एकाच्या फोनवरून बाकीच्यांना? नुसते नकाशे आणि व्हॉट्सॲप, की मुलं गाडीत व्हिडिओ बघणार? बालीत दक्षिणेलाच राहणार की शेजारच्या नुसा पेनिदा बेटावर वगैरेही? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे शुद्ध अंदाज.

दादरचे_काका (९:४०)
ई-सिम कशाला? आम्ही विमानतळावर उतरलो, काउंटरवर पासपोर्ट दिला, मुलीने सिम घालून चालू करून दिलं. पाच मिनिटांत काम. तिथला नंबर मिळतो, टॅक्सीवाल्याला साधा फोन करता येतो. ई-सिमवर नुसता डेटा, नंबर नाही. लोकांना हल्ली सगळं घरबसल्या हवं.

आकडेमोड (९:४८)
काका, काउंटरवर गावातल्यापेक्षा जास्त पैसे घेतात. आणि इंडोनेशियात परदेशी फोनमध्ये तिथलं सिम घातलं की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदणीचा प्रश्न येतो. पर्यटकाला ९० दिवसांपर्यंत चालतं, पण ते कंपनीच्या अधिकृत ठिकाणी रीतसर नोंदवून घ्यावं लागतं. नाक्यावरच्या टपरीत घेतलेलं सिम दोन दिवसांत मुकं झाल्याच्या कहाण्या त्यातूनच येतात. प्रवासी ई-सिम बाहेरच्या देशाचं असेल तर ते तिथे रोमिंगवर चालतं, त्यामुळे ही भानगड नाही.

दादरचे_काका (९:५५)
आमचं नाही झालं मुकं.

कर्वेरोड_कट्टा (१०:१५)
माझा आयफोन १३, बायकोचा रेडमी. मुलांना फोन नाही. बायकोला हॉटस्पॉट देईन. आता तरी नाव सांगा.

चिंबोरी (१०:२०)
आयफोन १३ ला चिंता नाही. रेडमीवर *#०६# डायल करून बघा. आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर त्यात ई-सिम चालतं. नाही दिसला तर विषय संपला. भारतात विकलेल्या बहुतेक रेडमीत नसतं.

सान्वीची_आई (१०:२६)
नाव सोडा, आधी बघा की ते ई-सिम तिथे कोणत्या नेटवर्कवर चालतं. टेलकॉमसेल ही तिथली मोबाइल कंपनी असेल तर डोळे मिटून घ्या. उबुद, कुता, सेमिन्याकमध्ये कोणतंही चालतं हो, पण नुसा पेनिदाला आणि उत्तरेकडच्या डोंगरात बाकीचे रडतात. खरेदीच्या पानावर "नेटवर्क" या शब्दाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दुसरं, "अनलिमिटेड"ला भुलू नका. बऱ्याच योजनांत रोजची एक मर्यादा असते, ती ओलांडली की वेग इतका पडतो की नकाशासुद्धा उघडत नाही. वर काहींवर हॉटस्पॉट चालत नाही किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. तुम्हाला हॉटस्पॉटच द्यायचाय, तर ठरावीक जीबीचं घ्या. चौघांचे नकाशे, व्हॉट्सॲप, फोटो यांना १० जीबी आठवड्याला पुरून उरतं. मुलांचे व्हिडिओ घरूनच उतरवून न्या.

बोरीबंदर_एक्स्प्रेस (१०:३४)
एक आठवण करून देतो. २०२४ च्या जानेवारीत सरकारने एअरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची संकेतस्थळं भारतात बंद करायला लावली होती, ॲप्सही इथल्या स्टोअरवरून गेली. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते नसल्यामुळे. तेव्हा यूट्यूबवरचा अमेरिकन माणूस जे नाव सांगतो ते इथे मिळेलच असं धरू नका.

भटकंती_अनलिमिटेड (१०:३९)
त्यात काय, परदेशातल्या नातेवाइकाला घ्यायला सांगा, तो क्यूआर पाठवेल.

बोरीबंदर_एक्स्प्रेस (१०:४२)
कशाला ते लपूनछपून? प्रमाणपत्र असलेल्या भारतीय कंपन्या विकतात. पासपोर्ट-व्हिसाची प्रत मागतात, तेवढाच त्रास. नाहीतर आपल्याच मोबाइल कंपनीचा रोमिंग पॅक. महाग पडतो, पण ओटीपी, बँक, सगळं एकाच नंबरावर.

आकडेमोड (१०:५०)
ओटीपीसाठी रोमिंग पॅक घेणं म्हणजे पैसे उधळणं. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग *सेवा* सुरू ठेवा, *डेटा रोमिंग* बंद ठेवा. ओटीपीचा एसएमएस येण्याला साधारण पैसे पडत नाहीत. कॉल उचललात तर मात्र पडतात, तेव्हा क्रेडिट कार्डवाल्या ताईंशी गप्पा नकोत.

आणि आयफोनवर सेल्युलर डेटामध्ये "डेटा स्विचिंग" नावाचं एक बटण असतं. ते चालू राहिलं तर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमचा डेटा वापरू शकतो. ते बंद करा. लोकांना मोठी बिलं येतात ती अशी.

दादरचे_काका (१०:५८)
एवढं सगळं बंद-चालू करण्यापेक्षा काउंटरवरची मुलगी बरी.

लिमये_रुपये (११:०५)
पैसे बदलताना कुतात जपून. "नो कमिशन" पाटी आणि सगळ्यात चढा भाव दिसला की तिथून निघा. लाखाच्या नोटा मोजताना हात असा काही फिरतो की दोन-चार नोटा टेबलाखाली. शेवटी आपण मोजायचं, आणि आपण मोजल्यावर पुन्हा त्यांच्या हातात द्यायचं नाही.

कर्वेरोड_कट्टा (११:२०)
पैशांचं विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. १० जीबी ठीक. पण गुरुवारी दुपारी लॅपटॉपवरून ऑफिसची बैठक आहे, दोन तास, व्हिडिओ चालू ठेवून. कंपनी अमेरिकन, त्यांना पाडवा नाही. तो दिवस नुसा पेनिदाचा आहे, गाडी-बोट आधीच बुक आहे, तिथल्याच एखाद्या कॅफेतून करीन. त्याला १० पुरेल ना?

आकडेमोड (११:२६)
गटाची व्हिडिओ बैठक तासाला १ जीबीच्या आसपास खाते, जास्तही. १० मध्ये बसेल. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा.

सानूरकर (११:४०)
थांबा. गुरुवार म्हणजे १९ मार्च? तुम्ही त्या दिवशी बालीत आहात?

कर्वेरोड_कट्टा (११:४४)
हो, १७ ते २३. ते सोडा, टेलकॉमसेलवालं १० जीबीचं सापडलंय. ई-सिम इथेच फोनमध्ये घालू की तिथे उतरल्यावर?

चिंबोरी (११:४७)
इथेच, घरच्या वाय-फायवर. घालायला नेट लागतं. मुदत कधीपासून मोजतात तेवढं वाचा. काहींची घातल्यापासून, काहींची तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून. आणि घातलेलं ई-सिम चुकूनही डिलीट करू नका, तोच क्यूआर बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही.

सानूरकर (११:५२)
अहो कट्टा, ई-सिम राहू द्या बाजूला. १९ तारखेला न्येपी आहे. बालीतल्या हिंदूंचं शक नववर्ष, मौनाचा दिवस. सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत अख्खं बेट बंद. दुकानं बंद, रस्ते बंद, बंदरं बंद, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनीही हॉटेलच्या आवाराबाहेर पाय टाकायचा नाही. गावोगावचे पेचालांग, म्हणजे पारंपरिक रखवालदार, फिरत असतात आणि नम्रपणे पण नक्की परत पाठवतात. नुसा पेनिदाही बाली प्रांतातच येतं, तिथेही तेच. तुमची बोट त्या दिवशी सुटणार नाही.

आणि मोबाइल डेटा २०१८ पासून दर न्येपीला बंद करतात. टॉवरवरूनच. टेलकॉमसेल घ्या, भारतीय रोमिंग घ्या, अनलिमिटेड घ्या, चोवीस तास काहीही मिळणार नाही. कॉल आणि एसएमएस चालतात.

सान्वीची_आई (११:५८)
बाई गं. मी हे विसरलेच होते. आम्ही मे महिन्यात गेलो होतो.

कर्वेरोड_कट्टा (१२:०३)
गंमत करताय का? एजंटने पूर्ण कार्यक्रम दिलाय, १९ ला पेनिदा, छापील. पैसेही घेतलेत. त्याला माहीत नसेल?

सानूरकर (१२:०९)
त्याला काय माहीत होतं ते तोच जाणे. आत्ता फोन करा, शनिवार आहे, उद्या उचलणार नाही. बोट २१ ला हलवून घ्या. २० ला सगळे एकदम बाहेर पडतात, त्यात यंदा रमजान ईदही लगेच आहे, बंदरांवर झुंबड असेल.

भटकंती_अनलिमिटेड (१२:१४)
सोपा उपाय. १८ ला सकाळी फास्ट बोटीने गिली त्रावांगान. ती बेटं शेजारच्या लोंबोक बेटाकडची, तिथे न्येपीची सक्ती नाही. नेट चालू, बैठक करा, समुद्रात डुंबा.

सानूरकर (१२:१९)
म्हणजे १८ ची संध्याकाळ घालवायची? त्या रात्री ओगोह-ओगोहच्या मिरवणुका असतात. तरुण पोरं महिने खपून राक्षसांचे अक्राळविक्राळ पुतळे करतात, खांद्यावर घेऊन चौकाचौकांत गरगर फिरवतात. मुलं घेऊन चाललेत ना? बालीतली तीच एक रात्र मी कुणाला चुकवू देणार नाही.

भटकंती_अनलिमिटेड (१२:२२)
त्यांना बैठक आहे साहेब.

पंचांगवाला (१२:३०)
यात एक गंमत आहे. यंदा गुढीपाडवाही १९ मार्चलाच. आपलं शके १९४८ सुरू होतंय आणि त्यांचंही १९४८. इसवी सन ७८ पासून मोजलेलं तेच शक. आपण शालिवाहन म्हणतो, ते साका. आपण ढोल-ताशे लावतो, ते दिवे मालवून गप्प बसतात.

बोरीबंदर_एक्स्प्रेस (१२:३६)
पण मागच्या वर्षी न्येपी २९ मार्चला होतं आणि पाडवा ३० ला. एकच कसं?

पंचांगवाला (१२:४४)
शक एक म्हटलं, तिथीचं गणित एक म्हटलं नाही. त्यांचं पंचांग वेगळं, एखाद दिवसाचा फरक पडतो. यंदा जुळलं. आणि येणारा संवत्सर कोणता, तर पराभव. बैठकीचं काय होणार ते नावातच आलंय.

कर्वेरोड_कट्टा (१२:५०)
हसू येत नाहीये. एजंटशी बोललो. म्हणतो "तिकडे काहीतरी सण आहे, पण पर्यटकांना चालतं". हॉटेलला थेट फोन लावला तर त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या दिवशी बाहेर पडता येणार नाही, चेक-इन चेक-आउट नाही, रात्री पडदे ओढून मंद दिवे. हे बुकिंगच्या वेळी सांगायला काय झालं होतं?

वाय-फायचं विचारायचं राहिलं. स्टारलिंकचं उपग्रहावरचं नेट वगैरे काही?

चिंबोरी (१२:५४)
एका बैठकीसाठी छपरावर तबकडी लावणार?

सानूरकर (१२:५९)
हॉटेलच्या तारेवरच्या वाय-फायला सहसा हात लावत नाहीत, मोबाइल डेटाच बंद होतो. तरी परत फोन करून नेमकं विचारा: न्येपीला खोलीत वाय-फाय असतं का, आणि स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांची हॉटेलं त्या दिवशी पाहुण्यांसाठी जेवण करत होती, पण खोलीवर मागवायची वेळ लवकर संपत होती. मुलांसाठी खाऊ १८ च्या दुपारीच घेऊन ठेवा, संध्याकाळी दुकानं बंद व्हायला लागतात.

कोल्हापुरी_तांबडा (१:०५)
शाकाहारी असाल तर सांबल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, विचारून खा. बऱ्याचदा त्यात तरासी असते, म्हणजे कोळंबी आंबवून वाटलेला लगदा. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू सगळीकडे मिळतं.

दादरचे_काका (१:१०)
म्हणजे शेवटी काउंटर काय आणि ई-सिम काय, सारखंच.

आकडेमोड (१:१३)
एका दिवसापुरतं, काका. उरलेल्या दिवसांचं काय?

कट्टा, अजून दोन गोष्टी. ग्रॅब आणि गोजेक ही टॅक्सीची ॲप्स इथेच, भारतीय नंबरावर नोंदवून जा. ई-सिमला नंबर नसतो, तिथे ओटीपीसाठी अडकाल. आणि इंडोनेशियाचा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत भरायचा असतो, त्याचा क्यूआर, व्हिसा आणि बालीच्या दीड लाख रुपियाच्या पर्यटक शुल्काची पावती यांचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. उतरल्या उतरल्या ई-सिम जोडलं नाही तरी अडणार नाही.

कर्वेरोड_कट्टा (३:४०)
हॉटेलचं वाय-फाय चालू असतं, लेखी घेतलंय ईमेलवर. बोट २१ ला गेली, एजंट कुरकुरला पण केली. १० जीबीचं टेलकॉमसेलवालं भारतीय कंपनीकडून घेतलं, पासपोर्ट पाठवला, क्यूआर आला. बायकोच्या रेडमीत ईआयडी नाही, ती माझ्या हॉटस्पॉटवर. बैठकीला वाय-फाय धरलं नाही तर कळवून ठेवलंय की मी नसेन.

शेवटचा प्रश्न. २० ला सकाळी डेटा आपोआप येतो की ई-सिम काढून पुन्हा घालावं लागतं?

सानूरकर (३:५२)
काढू नका! वर चिंबोरींनी सांगितलंय ना. ६ नंतर आपोआप येतो, म्हणजे तुमच्याकडचे पहाटेचे साडेतीन. नाही आला तर विमान मोड चालू करून बंद करा, बस. आणि १८ ला संध्याकाळी बालीतल्या सानूरच्या बाजूला असाल तर कळवा, मिरवणूक कुठून जाते ते सांगतो.