मदत हवी आहे: टी-शर्टवर लोगो भरताना दोनदा वाया गेला, आखाजीला मुहूर्त आहे

केळीचा_घड
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तरं द्या, वेळ नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या युनिटचा मुहूर्त आहे, म्हणजे आजपासून १२ दिवस. स्टाफला युनिफॉर्म करायचाय. टी-शर्ट घेऊन झाले. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे लोगोचं सॅम्पल दोनदा काढलं, दोन्ही वेळा वाया. पहिल्यात अक्षरं वाचताच येत नाहीत. दुसऱ्यात लोगोच्या भोवती कापड भाजलेल्या पापडासारखं झालंय. मशीनवाला म्हणतो लोगो खराब, लोगो करून देणारा म्हणतो मशीनवाला खराब. कोणाचं खरं धरायचं? जळगाव-भुसावळकडे चांगला माणूस असेल तर सांगा. सुरतेला पाठवायला वेळ नाही.

सुईदोरा
कापड कोणतं? लोगो केवढा, किती रंगांचा? मजकूर मराठी की इंग्रजी? किती नग? मशीनवाल्याला फाईल कोणती दिली? हे सांगितल्याशिवाय कोणीही सांगेल ते अंदाजपंचेच. (इथे कोणाचं नाव-नंबर टाकू नका, व्यनि म्हणजे खाजगी निरोप करा.)

केळीचा_घड
टी-शर्टचंच कापड, साधं. नग ३८. फाईल म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मराठीच आहे.

बोदवडकर_प्रिंट्स
भरतकामाच्या भानगडीत पडूच नका. डीटीएफ करा. फिल्मवर छापायचं, हीट प्रेसखाली दाबायचं, ३८ नग संध्याकाळी हातात. कितीही बारीक अक्षर येतं, फोटोसुद्धा येतो. मी आठ वर्षं याच धंद्यात आहे.

सुईदोरा
बोदवडकर, तुम्ही दरवेळी डीटीएफच सांगता. चर्चेचा धागा लग्नपत्रिकेचा असला तरी.
केळीचा_घड, "साधं कापड" असं काही नसतं. हाताने ताणून बघा, ताणलं जातं का? जाळीसारखी बारीक भोकं दिसतात का? आणि फोटोवरून मशीन चालत नाही. आधी पंचिंग करावं लागतं, म्हणजे टाका कुठून कुठे जाणार याची फाईल बनते, आमच्याकडे बहुतेक डीएसटी. पंचिंगचे पैसे वेगळे घेतले का? की "फुकट करून देतो" म्हणाला?

केळीचा_घड
फुकट. ताणलं जातं, हो. भोकं आहेत. मरून रंग. सॅम्पल समोर ठेवून लिहितोय: वर केळीचा घड, त्याखाली फर्मचं नाव (नाव टाकत नाही, पण त्यात 'श्री' आहे आणि एक 'ष्ठ' आहे), त्याखाली "रावेर, जि. जळगाव". सगळं अडीच इंचात. घड पिवळाधमक भरलाय, तो भाग पत्र्यासारखा कडक झालाय. 'ष्ठ'च्या जागी मुंगळा बसल्यासारखा दिसतो.

सुईदोरा
मग दोघांचंही थोडं थोडं खरं.

हे डॉट निट पॉलिएस्टर. कापड रिंगमध्ये ताणून बसवलं असणार. ताणलेल्या कापडावर टाके पडतात, रिंग काढली की कापड मागे येतं आणि टाके आहेत तिथेच राहतात. तोच तुमचा पापड. न ताणता, मागे न फाटणारा जाड पेपर चिकटवून बसवायला सांगा. भरून झालं की तो लोगोच्या कडेने कात्रीने कापायचा. टर्रकन फाडायचा हलका पेपर शर्टच्या घट्ट कापडाला चालतो, ताणणाऱ्याला नाही. सुई बॉल पॉइंट मागा, नाहीतर निटमध्ये भोकं पडतात.

घड ठोकून भरायची गरज नाही. एक चौरस इंच भरीव भरायला हजाराच्या वर टाके जातात, ते सगळे कापडाला आतून ओढतात. फण्यांच्या मधून कापडाचा मरून रंगच दिसू द्या, घड उलट उठून दिसेल.

अक्षरांचं सांगतो. धागा साधारण ०.४ मिमी जाडीचा. 'ष्ठ'च्या पोटातली मोकळी जागा मिलिमीटरभरही नसेल तर ती बुजणारच, मशीन जपानी असो की चिनी. देवनागरीत नुसतं अक्षर ७-८ मिमी उंच धरा, काना-मात्रा त्याच्या वर-खाली वेगळ्या. बारीक अनुस्वाराची गाठ होते नाहीतर तो धुण्यात गळून पडतो. इंग्रजी कॅपिटल ५ मिमीत निघतात म्हणून लोक मराठीलाही तेच माप लावतात. "रावेर, जि. जळगाव" काढून टाका.

केळीचा_घड
वडील ऐकणार नाहीत. गावाचं नाव पाहिजेच म्हणतात.

धुळेकर_भो
वडिलांना सांगा, भो, केळी पाहिली की रावेर कोणीही ओळखतं, लिहावं लागत नाही. बाकी आम्हना धुयाले या, बठ्ठं व्हई जाई.

कायद्याचं_बोला
लोगोच्या कोपऱ्यात ® टाकलंय का?

केळीचा_घड
टाकलंय, डिझायनरनेच टाकून दिलं. सगळेच टाकतात. त्याचं काय?

कायद्याचं_बोला
ट्रेडमार्क नोंदवलेला नसताना ® वापरणं ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार बेकायदा आहे. नुसता अर्ज केला असेल तर ™ लिहा. आणि "जळगाव केळी"ला भौगोलिक मानांकन आहे. त्याची खूण लोगोत घालायची असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. नुसतं जिल्ह्यात केळी पिकवून भागत नाही.

केळीचा_घड
हे मी विचारलंच नव्हतं.

सुईदोरा
® निघू द्या, एक गाठ कमी झाली. तेवढं बारीक वर्तुळ मशीनवर येतही नाही.

निवृत्त_गार्ड
युनिफॉर्मवरून आठवलं. आमच्या भुसावळ स्टेशनावर हमालांचा लाल शर्ट आणि दंडाला पितळी बिल्ला. त्यावर नंबर कोरलेला. ना धुण्यात जायचा, ना उन्हात. गर्दीत सामान घेऊन माणूस पुढे गेला तरी नंबर लक्षात ठेवला की झालं. तुम्ही पितळी बिल्ले का करत नाही? दिसायलाही भारदस्त.

धुळेकर_भो
काका, बिल्ला आणि मे महिना? भुसावळच्या उन्हात पितळ तापलं की दंडावर कायमचा नंबर उठेल.

तापीकाठ
एक मिनिट. रावेर, केळीचा घड, ३८ माणसं. हे पॅकहाऊस (केळी धुऊन बॉक्स भरायची जागा) आहे का? माल बाहेर जाणार का?

केळीचा_घड
हो, पॅकहाऊसच. मी सांगितलं ना, युनिट. १३ किलोचे बॉक्स, कंटेनर न्हावा शेव्याला.

तापीकाठ
युनिट म्हणजे दाल मिलही असते न् चटईचा कारखानाही. हे पहिल्या ओळीत सांगायला पाहिजे होतं, सगळं उत्तरच बदलतं.

मी सावद्याला एका पॅकहाऊसमध्ये सहा वर्षं सुपरवायझर होतो. बाहेरच्या खरेदीदाराचा ऑडिटर आला की लोगो नंतर बघतो, आधी बटण आणि खिसा बघतो. कमरेच्या वर बाहेरचा खिसा नको, कारण वाकलं की पेन, बिडी, मोबाईल मालात पडतो. शिवलेलं बटणही नको, ते तुटून बॉक्समध्ये जातं. टिच बटण चालतं. तुमच्या टी-शर्टला काय आहे?

केळीचा_घड
कॉलर आहे, दोन बटणं आहेत, डावीकडे खिसा आहे. पहिलं सॅम्पल खिशावरच काढलं होतं, त्यात खिसाच शिवला गेला. हात जात नाही. म्हणून दुसरं खिशाच्या वर काढलं.

सुईदोरा
आणि हे आता सांगताय!
खिशावर लोगो पाहिजे असेल तर खिसा शर्टाला लागायच्या आधी, नुसता कापलेला तुकडा असताना भरतात. शिवलेल्या खिशावर भरलं की सुई दोन्ही थर पकडणारच. शाळा-हॉटेलांच्या ऑर्डरला आम्ही टेलरला सांगतो, पुढचे तुकडे कापून आधी आमच्याकडे द्या, शिलाई नंतर.

तापीकाठ
अहो, पण पॅकहाऊसला तो शिवला गेला तेच बरं झालं! तोंड पूर्ण शिवून टाका. उसवायला जाऊ नका, पॉलिएस्टरवर सुईची भोकं आणि गडद चौकोन राहतो.

रुपाली_यावल
एवढा वेळ वाचतेय, एकानेही विचारलं नाही. ३८ मध्ये बाया किती?

केळीचा_घड
२४.

रुपाली_यावल
आणि टी-शर्ट कोणत्या साईझचे घेतले?

केळीचा_घड
४० आणि ४२. दुकानदार म्हणाला कॉमन साईझ.

रुपाली_यावल
पुरुषांच्या कॉमन. दादा, तुमच्या बाया साडीवर येणार. मळ्यात बाया साडीवर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट चढवतात ते बघितलंच असेल, का तर तो समोरून उघडा, ढगळ आणि हात झाकणारा. डोक्यातून घालायचा, अंगाला चिकटणारा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट त्यांना साडीवर घालायला सांगाल तर पहिल्या दिवशी तुमच्या शब्दाखातर घालतील आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत ठेवतील. माझी आई अशाच कामावर जायची, तिच्या पेटीत तीन कंपन्यांचे कोरे टी-शर्ट निघाले. भांडी पुसायलाही नाही आले, पाणीच शोषत नाहीत.

आणि मुहूर्त आखाजीला धरलाय. निम्म्या बाया माहेरी झोके खेळायला जातील. युनिफॉर्म कोणाला घालणार, केळीला?

धुळेकर_भो
+१. केळीचे कॉमन साईझ असतात बरं का.

तापीकाठ
रुपालीताई बरोबर बोलल्या. बायांना गुडघ्यापर्यंतचा टिच बटणांचा कोट, पूर्ण बाह्या, कॉटन जास्त असलेल्या मिक्स कापडाचा. टाकीवर उभ्या राहून तुरटीच्या पाण्यात फण्या धुणाऱ्या बायांना वरून प्लास्टिकचा ॲप्रन. चिकाचा डाग पांढऱ्या कॉटनवर पडला की काळा-तपकिरी होतो, लिंबू लावा, सोडा लावा, जात नाही. ऑडिटरला फिकट रंग आवडतो कारण घाण दिसते. आम्ही मधला मार्ग म्हणून फिकट निळा घेतला आणि माणशी तीन जोड दिले.

बोदवडकर_प्रिंट्स
कोट असो, टी-शर्ट असो, डीटीएफ दोन्हीवर होतं. मुद्दा तोच राहिला.

सुईदोरा
मरून पॉलिएस्टरवर पांढरं डीटीएफ दाबलं की उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरा गुलाबी होतो. खरं की नाही?

बोदवडकर_प्रिंट्स
मधे रंग अडवणारा थर असलेली फिल्म मिळते. आणि तापमान कमी ठेवायचं. तुमच्या भरतकामाचा पेपर घामात छातीला टोचतो ते सांगा की. ४५ अंशात माणसं आतून बनियन घालून फिरतात लोगो टोचतो म्हणून.

सुईदोरा
ते मान्य. मागून मऊ अस्तर इस्त्रीने चिकटवतात, मग टोचत नाही. पण इस्त्री कोमट, डॉट निट गरम इस्त्रीखाली वितळतं. तुमची ती डीटीएफची अख्खी प्लेट तर छातीवर वारा लागू देत नाही.

पाचोऱ्याचा_पोरगा
वेल्क्रोचा पॅच का नाही करत? कोणी काम सोडलं तर कपडा त्याला, पॅच आपल्याला. आमच्या जिममध्ये तसंच आहे.

तापीकाठ
जिममध्ये ठीक. इथे तो पॅच सुटून केळीच्या बॉक्समध्ये गेला तर तिकडे पोचल्यावर कंटेनरची तक्रार येते. पॅच करा, पण चारी बाजूंनी शिवलेला.

सुईदोरा
त्यावरून सुचलं. बायांच्या कोटांसाठी विणलेला पॅच घ्या. तो भरलेला नसतो, लेबलसारखा बारीक धाग्यात विणलेला असतो. त्यात तुमचा 'ष्ठ' स्वच्छ येईल आणि वडिलांचं "रावेर, जि. जळगाव"ही. गावातला कोणताही टेलर शिवून देईल. फक्त विणणारे थोडे नग घेत नाहीत आणि बनून यायला दिवस लागतात. म्हणजे आखाजीनंतरच.

मुहूर्ताला १४ पुरुषांचे टी-शर्ट करा. खिसा शिवून टाका, त्याच्या वर तीन-सव्वातीन इंच रुंद नुसता घड आणि फर्मचं नाव. गाव पाठीवर मोठ्या अक्षरांत छापून घ्या, तेवढं बोदवडकरांना द्या. पंचिंगचे पैसे मोजा आणि फाईल स्वतःकडे मागून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे पुन्हा पैसे भराल. धागा पॉलिएस्टरचा मागा. रेयॉन चमकतो छान, पण ब्लीच पडलं की उतरतो. ९ हजार टाके धरले तर सिंगल हेड मशीनला एका नगाला १३ मिनिटं, वर रिंग बसवायला पाच. ३८ ला साडेअकरा तास लागले असते, १४ तर अर्ध्या दिवसात होतील. म्हणजे घाई तुम्हाला वाटते तेवढी नाही.

बोदवडकर_प्रिंट्स
पाठीसाठी व्यनि केलाय.

केळीचा_घड
आणि टी-शर्टची दोन बटणं?

तापीकाठ
काढून पट्टी शिवून टाका. नाहीतर ते १४ जण लोडिंगला आणि ऑफिसला ठेवा, पॅकिंगच्या टेबलाजवळ नको.

निवृत्त_गार्ड
बिल्ल्याचा विचार झालाच नाही का?

केळीचा_घड (नऊ दिवसांनी)
धन्यवाद सगळ्यांचे, उशिरा लिहितोय, धावपळ होती. दुसऱ्या मशीनवाल्याकडे गेलो, पंचिंगचे पैसे दिले. १४ झाले. 'ष्ठ' वाचता येतो, बायकोने दाराजवळून वाचून दाखवला. एक नग तीनदा धुऊन बघितला, आकसला नाही. उरलेले २४ दुकानदार परत घेत नाही, १० बदलून देतो म्हणाला. बायांच्या कोटाचं माप रुपालीताईंनी सांगितलं तसं साडीवरून घेतलं. कोट नि पॅच आखाजीनंतर येणार. बटणं राहिली, ते लोक लोडिंगला ठेवलेत. पाठीवर "रावेर" बघून वडील म्हणाले, पाठ दाखवून कोण धंदा करतो. पण घातलाय त्यांनीही एक.

सुईदोरा
छान. मागे पेपर कोणता लावला त्याने?

केळीचा_घड
ते विचारायचं राहिलं. पोरं म्हणतात टोचत नाही.