नदीकाठचा हेरिटेज वॉक – पाट्यांसाठी मदत हवी आहे (तातडीने)

घाटकरी
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाने नदीकाठाने हेरिटेज वॉक आखायचं ठरवलंय. घाट, देवळं, वाडा असं सगळं एका वाटेत येतं. लोक तयार आहेत, वर्गणी जमतेय, घोडं अडलंय ते पाट्यांवर. स्टीलच्या कराव्यात, दगडी की एसीपी शीटच्या (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचे पत्रे)? एका पाटीवर किती मजकूर मावतो? उत्सवाच्या आत लावून टाकायच्या आहेत. कृपया ‘आधी अभ्यास करा’ हे नको, अभ्यास झालाय.

सह्यभटक्या
कुठली नदी? कुठलं गाव? कुठला उत्सव?

घाटकरी
वाई. कृष्णा. उत्सव म्हणजे कृष्णाबाईचा, आणखी कुठला असणार?

सह्यभटक्या
आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? आता हेही सांगा, वाट कुठून कुठे? नुसते गावातले घाट की पुढे मेणवलीपर्यंत? मेणवली घेतलीत तर नगरपरिषद संपून ग्रामपंचायत सुरू होते, आणि तिथला नाना फडणवीसांचा वाडा खाजगी मालकीचा आहे. कोणाकोणाला विचारलंय?

नकाशेबाज
पाट्याच नकोत. ओपनस्ट्रीटमॅपवर सगळी ठिकाणं टाका, ऑडिओ रेकॉर्ड करा आणि फक्त क्यूआर कोड लावा. फुकटात होतं. आमच्याकडे किल्ल्यावर असंच केलंय.

माहेरवाशीण
क्यूआर कोड मोबाइल असणाऱ्यांना. माझ्या आईला तो कुठे धरायचा तेही कळत नाही, पण गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत सातही आळ्यांचे घाट तिला पाठ आहेत. तिला पाटी नको आणि कोडही नको, तिला मध्ये टेकायला जागा हवी. आणि वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी ठरवा. ते कुठल्याच हेरिटेज वॉकच्या पत्रकात नसतं.

घाटकरी
ताई, मुद्दा बरोबर, पण माझा प्रश्न पाट्यांचा आहे. वाट ढोल्या गणपतीपासून मेणवलीपर्यंत. परवानगीचं अध्यक्ष बघतायत.

पाटबंधारेवाला (निवृत्त)
पाट्या नदीपासून किती उंचीवर लावणार? हे कोणीच विचारलं नाही. उत्सवात त्या झकासच दिसतील, नदी तेव्हा खाली असते. पुढे आषाढ-श्रावणात धोम धरणातून पाणी सोडलं की घाटाच्या किती पायऱ्या उरतात ते गावात कोणालाही विचारा. ओंडके, जलपर्णी, प्लास्टिक, सगळं त्या खांबांना अडकणार. खांब वाकतो, पाटी जाते, आणि खांबाचं बूड ज्या पायरीत रोवलं ती पायरीही उखडते.

निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द ऐकले असतीलच. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे पक्कं बांधकाम चालत नाही. ‘एवढासा चौथरा’ म्हणून कोणी सोडत नाही, तक्रार झाली की तोच आधी दिसतो. नकाशा पाटबंधारे कार्यालयात मागा.

आणि एक. ढोल्या गणपतीची मागची भिंत कधी मागे जाऊन पाहिलीत का? माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकून जावं म्हणून. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधताना पुराचा विचार केला, तो आपण पाटी लावताना करायला काय हरकत आहे?

वड_पिंपळ
नदीकाठी देशी झाडं लावायची असतील तर उंबर, करंज, अर्जुन, जांभूळ लावा, गुलमोहर टाळा. खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवावेत आणि पहिला पाऊस पडल्यावर रोपं लावावीत.

सह्यभटक्या
@वड_पिंपळ झाडांचं कोणी विचारलं होतं का?

वड_पिंपळ
सावली नसेल तर चालणार कोण?

मोडीवाचक
मजकूर इथे टाका की, मग किती मावतो ते सांगता येईल.

घाटकरी
मेणवलीचा नमुना: ‘नाना फडणवीस यांनी वसईच्या लढाईत जिंकून आणलेली पोर्तुगीज घंटा या मंदिरात आहे.’ बाकीचे याच पद्धतीने.

मोडीवाचक
नानांचा जन्म १७४२चा. चिमाजीअप्पांनी वसई घेतली १७३९ साली. जन्माच्या आधी लढाई जिंकायची म्हणजे फारच झालं. घंटा वसईकडची आहे आणि तिच्यावर १७०७ हे साल आहे, एवढंच लिहा. दगडावर कोरून घेतलं असतंत तर छिन्नी लावून खोडावं लागलं असतं.

घाटकरी
एक ओळ आहे हो, बदलता येईल. तुम्ही साहित्याबद्दल बोला ना.

मोडीवाचक
एक ओळ तुम्ही टाकलीत म्हणून दिसली. बाकीच्या कोण बघणार? विश्वकोश मंडळाचं कार्यालय तुमच्याच गावात आहे, विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो. तरी पाट्यांवर ‘असे म्हणतात की’ छापाचा ऐकीव मजकूर का?

पुणेरी_पाटी
असे म्हणतात की वाईकरांना शूटिंगवाल्यांची सवय झालीय, त्यांना कथाच आवडते. मेणवलीच्या घाटावर तर लोक ‘अमक्या सिनेमातली जागा कुठली’ एवढंच विचारतात.

माहेरवाशीण
विचारू देत की. त्या निमित्ताने घाट तरी बघतात. पाटीवर सिनेमाचंही लिहा, त्यात कमीपणा कसला?

मोडीवाचक
मग नानांचं नाव खालच्या ओळीत जाईल.

दगडफोड्या
मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, कारण कोणीच देत नाहीये. एसीपी नको, उन्हात छपाई उडते आणि कडा सुटतात. स्टेनलेस स्टीलवर अक्षरं खोदून घ्या, रंगवून नाही. मजकूर पन्नास-साठ शब्दांपलीकडे नेऊ नका, उन्हात उभा माणूस त्याहून जास्त वाचत नाही. जुन्या भिंतीत ड्रिल मारू नका म्हणजे नकाच. लोखंडी बोल्ट गंजला की फुगतो आणि दगडाला तडा देतो. चुन्याच्या जोडकामात सिमेंट भरलंत तर ओल आत कोंडते. शक्य असेल तिथे सुटे, जड ओटे करून त्यावर तिरपी पाटी ठेवा, पण पूररेषेच्या वर. घाटाखालचा मजकूर वरच्या रस्त्यावर लावला तरी चालतो, ‘समोर बघा’ म्हणायचं.

आणि ठिकाण संरक्षित यादीत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला लिहा. केंद्र संरक्षित असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. राज्याच्या यादीत असेल तर त्यांची वेगळी परवानगी.

नकाशेबाज
म्हणून म्हणतोय, क्यूआर.

दगडफोड्या
क्यूआर कोडची पाटी हवेत तरंगते का?

घाटकरी
बरं. स्टील घेतो, ओटे रस्त्याच्या कडेला. मेणवली या उत्सवापुरती सोडून देतो, आधी गावातलेच घाट. पूररेषेच्या नकाशासाठी अर्ज कोणाच्या नावे करायचा, कार्यकारी अभियंता की नगरपरिषद?

पाटबंधारेवाला (निवृत्त)
दोन्हीकडे करा, पोच घ्या. आणि गावातल्या पाट्यांचा मजकूर इथे टाका, मोडीवाचक वाट बघतायत.

माहेरवाशीण
आणि स्वच्छतागृहाचं काय झालं?