मुळा-प्रवरा वीज संस्था: चूक सहकाराची होती का?

पाटपाणी (धागा सुरू करणारा)

आईची जुनी लोखंडी पेटी आवरताना आजोबांचं शेअर सर्टिफिकेट हाती लागलं. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, श्रीरामपूर. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण शिक्का अजून वाचता येतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. १९६९ च्या सुमारास ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या मदतीनं देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्थांचा प्रयोग झाला: नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. आपली संस्था १९७१ पासून श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि संगमनेर-नेवाशाच्या काही गावांना वीज देत होती. राज्य वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना वाटायची. ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून वितरण महावितरणकडे गेलं. मागे राहिली दोन हजार कोटींच्या वरची थकबाकी आणि 'सहकारानं वाटोळं केलं' हे वाक्य.

ते वाक्य मला मान्य नाही. मंडळाकडे ठाणे-पुण्याचे कारखाने होते. कारखान्याकडून युनिटला जास्त घ्यायचे आणि शेतीपंपाला स्वस्त द्यायची, असं राज्यभर चाललं. मुळा-प्रवरेकडे मात्र बहुतेक पंपच. पंपाचा दर सरकार आणि वीज नियामक आयोग ठरवणार, घाऊक खरेदीचा दरही संस्थेच्या हातात नाही. मधल्या मधे संस्थेनं काय करायचं? असं दुकान कुणालाही चालवायला दिलं असतं तरी तोट्यातच गेलं असतं. तुमचं मत सांगा, पण हे लक्षात घेऊन सांगा.

हिशोब_आधी

दुकान तोट्यात होतं हे मान्य. पण तोटा दिसल्यावर मालक काय करतो ते बघायचं असतं. सहकारी संस्थेत सभासद मालक. मालकांनी बिलं भरली का? वसुली घट्ट केली का? वर्षानुवर्षं घाऊक विजेचं देणं थकत गेलं, त्यावर व्याज चढलं, आणि तरीही प्रत्येक निवडणुकीत 'शेतकऱ्याची वीज तोडू देणार नाही' हेच आश्वासन. तोडायची नाही हे ठीक, पण मग पैसे कुणी भरायचे? ते कधीच कुणी सांगितलं नाही.

शेवटी तो भार राज्यातल्या इतर ग्राहकांवर आला. त्यांत विदर्भातला कोरडवाहू शेतकरी आहे आणि गावातली पिठाची गिरणीवालीही आहे. ते काही तुमचे सभासद नव्हते.

पाटपाणी

@हिशोब_आधी, वसुलीचं म्हणता तर २००४ आठवा. निवडणुकीआधी शेतीपंपाची वीज फुकट जाहीर झाली, पुढच्या वर्षी मागे घेतली. एकदा बिल शून्य बघितलेल्या माणसाला परत बिल भरायला लावणं किती अवघड असतं! ती सवय मंत्रालयातून बिघडली, श्रीरामपुरातून नाही.

खांबावरचा

मी एका ग्रामीण वीज संस्थेत वायरमन होतो. कोणत्या ते सांगत नाही. पण इथे दोघंही कागदावरचं बोलताय, म्हणून खांबावरचं सांगतो.

पंपाच्या स्टार्टरला लोक 'ऑटो' बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. भारनियमनाच्या काळात रात्री दोनला लाईट येणार, कोण उठणार? त्यामुळे शेतकऱ्याची चूक म्हणवत नाही. पण एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, वीस मोटारी, वीसही ऑटोवर. लाईट आली की वीसही एकाच क्षणी उचलतात आणि डीपीवर सगळा ताण एकदम. आधी घरघर वाढते, मग तेलाचा करपट वास. मी सायकल टेकवून खाली उभा असायचो आणि त्या वासावरून कळायचं की आता चार दिवस हे शिवार बंद. फ्यूजच्या जागी तारेचा जाड पिळा घातलेला असायचा, तो वेगळाच. फ्यूज उडतच नाही, मग थेट डीपी जळते.

आमचं शेवटचं वर्ष फार वाईट गेलं. पुढे नोकरी राहील का, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी रात्री निरोप आला की आम्ही निघायचो, कारण निरोप देणाऱ्याचं घर आमच्या घरापासून तिसरं. सहकार म्हणजे मला तेवढाच कळतो.

पण हेही सांगतो. वीजचोरीसाठी तारेवर आकडा टाकलेला दिसला, तोही तिसऱ्याच घराचा, तर मी तो काढला का? प्रत्येक वेळी नाही. @हिशोब_आधी यांचं म्हणणं तिथं मला लागतं.

हिशोब_आधी

काका, मनापासून आभार. मला जे आकड्यांत सांगता आलं नाही ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. ओळखीचा वायरमन रात्री येतो, आणि ओळखीचा वायरमन आकडा काढत नाही. दोन्ही एकाच ओळखीमुळे.

संकेश्वरचा_पाहुणा

आमचा हुक्केरी तालुका. ती पाचातली संस्था अजून चालू आहे! सिरसिल्लाचीही चालू आहे. म्हणजे मुळात कल्पनाच खोटी होती असं म्हणता येणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये हिरण्यकेशीचं पाणी संकेश्वरात शिरलं होतं. असल्या वर्षात संस्था जवळ असणं किती मोलाचं ते दूर बसून कळायचं नाही. पण आमचं सगळं गोड आहे असंही नाही. संचालक मंडळाच्या निवडणुकीत मोठी राजकीय घराणी उतरतात आणि ती निवडणूक आमदारकीसारखी लढली जाते. आणि एक फरक लक्षात घ्या: कर्नाटकात २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे आणि त्याचे पैसे सरकार अनुदानातून देतं. सरकारनं पैसे दिले तर संस्था तगते. नाही दिले तर काय होतं, ते तुम्ही श्रीरामपुरात बघितलंच.

ऑस्टिनहून_मंगेश

मी टेक्सासमध्ये राहतो. घरची वीज सहकारी संस्थेची. वर्षाअखेर उरलेला नफा सभासदांच्या नावे जमा होतो आणि काही वर्षांनी परत मिळतो. इथल्या खेड्यांत खासगी कंपन्या तारा टाकायला तयार नव्हत्या, म्हणून १९३५-३६ मध्ये रूझवेल्टच्या सरकारनं कर्जं देऊन शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या केल्या.

आता फेब्रुवारी २०२१. हिमवादळात वीजकेंद्रं आणि गॅसच्या वाहिन्या गोठल्या आणि घाऊक बाजारातला दर कमाल मर्यादेला जाऊन काही दिवस तिथेच थांबला. एका युनिटला ९ डॉलर! ब्राझोस नावाची मोठी संस्था आहे, ती १६ छोट्या संस्थांना घाऊक वीज पुरवायची. काही दिवसांचं तिचं बिल १८० कोटी डॉलरच्या वर गेलं आणि १ मार्चला तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे बिल थकवणारे शेतकरी नव्हते, आकडे नव्हते. तरी संस्था कोसळली.

म्हणून मला @पाटपाणी यांचा मुद्दा पटतो. घाव घाऊक खरेदीत बसतो. ज्याच्या हातात घाऊक दर नाही, तो कितीही प्रामाणिक असला तरी एका वाईट वर्षात जातो.

हिशोब_आधी

मंगेश, फरक आहे. ब्राझोसला चार दिवसांनी पाडलं, मुळा-प्रवरेला कितीतरी वर्षं मिळाली होती. त्या वर्षांत सभासदांना एकदा तरी समोर बसवून सांगायला हवं होतं की 'हा खड्डा आहे, दर वाढवा नाहीतर संस्था सोडा'. वादळ अंगावर आलं तर दोष देत नाही. खड्डा रोज दिसत असताना त्यावर फळी टाकून चालत राहिलं, याला दोष देतो.

नेवाशाची_सून

पण आता हा वाद कशासाठी? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल शून्य झालंय, ते सरकार भरतं. आमच्याकडं आता कुणी बिलाकडं बघतही नाही. लोकांना दिवसा वीज हवी, संस्था कुणाची का असेना. रात्री पाणी धरायला नवरा गेला की मी जागी असते. साप असतो, बिबट्या असतो. तुमची सभा, तुमचं संचालक मंडळ, यातलं काय त्या बांधावर येतं?

पाटपाणी

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. दिवसाच्या विजेचं उत्तर सौरमध्ये आहे आणि सहकार तिथे परत येऊ शकतो, असं मला वाटतं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. दिवसा पाणी उपसायचं आणि उरलेली वीज कंपनीला विकायची. तिथे सभासद विकणारा आहे. घाऊक दराची तलवार त्याच्या मानेवर नाही, उलट मोटार विनाकारण चालू ठेवली तर त्याचाच पैसा जातो.

खांबावरचा

हे ऐकायला बरं वाटतं. मोटार बंद करण्यात फायदा आहे म्हटल्यावर ऑटो आपोआप निघतील. एवढी वर्षं आम्ही हात जोडून सांगत होतो, निघाले नाहीत.

हिशोब_आधी

सहा जणांची मंडळी मला चालेल. सहा जण एकमेकांचा मीटर वाचू शकतात. हजारो सभासदांचं काय? @पाटपाणी, एक विचारतो, राग मानू नका. त्या सर्टिफिकेटवर आजोबा कधी वार्षिक सभेला गेले होते का?

पाटपाणी

राग नाही. आत्ताच आईला विचारलं. एकदा गेले होते, वस्तीला डीपी मागायला. मिळाली. संस्थेचं देणं किती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मी असतो तर मीही डीपीच मागितली असती.

आमच्या वस्तीवर सात जण सौरचं बोलायला रविवारी बसतोय. काका, जमलं तर या. ऑटोचं तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

खांबावरचा

येतो. डीपीचा फ्यूज आधी बघून ठेवा, पिळा असेल तर काढा.