तीनशे कुटुंबांची गुंतवणूक सांभाळताना माणसांशी बोलणेच राहून जाते, काय बदलावे?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. मी गेली बारा वर्षे नाशिकमध्ये म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करीत आहे. एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) मिळाला तेव्हा नात्यातली आणि ओळखीतली वीस-बावीस घरे होती. आज ३१० कुटुंबे आहेत. कार्यालयात मी आणि एक सहायक, एवढेच आहोत. ट्रेल कमिशनवर, म्हणजे ग्राहकाचे पैसे फंडात असेपर्यंत मिळत राहणाऱ्या कमिशनवर, घर व्यवस्थित चालते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दिवस ज्या पद्धतीने संपतो त्याबद्दल. कोणाची केवायसी अडकलेली असते, कोणाला एसआयपीचे बँक खाते बदलायचे असते, कोणाचे नॉमिनीचे नाव राहिलेले असते, आणि यातून सवड काढून कोणी समोर येऊन बसलेच, तर पहिला प्रश्न ‘आपल्या फंडाने यंदा किती टक्के दिले?’ हाच असतो.

गेल्या महिन्यातील एक प्रसंग मनातून जात नाही. माझ्याकडे नऊ वर्षांपासून असलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका गुरुजींनी मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले सुमारे सात लाख रुपये एका दिवसात काढून घेतले, आणि ते मला व्यवहाराच्या संदेशावरून कळले. फोन केला तेव्हा ते अगदी सहजपणे म्हणाले, “फ्लॅटचे बुकिंग केले. तुम्हाला सांगण्यासारखे काही वाटले नाही, तुम्ही फंडाचे बघता ना.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले. नऊ वर्षांत त्यांच्या घराविषयी मी काहीच विचारले नव्हते, म्हणून तेही काही सांगत नव्हते.

या व्यवसायात असलेल्यांना माझे विचारणे आहे की, टक्क्यांपलीकडचे बोलणे सुरू कसे करावे, एका माणसाने किती कुटुंबे सांभाळावीत, आणि सेबीकडे, म्हणजे बाजार नियामकाकडे, नोंदणी करून शुल्क घेणारा सल्लागार झाल्याने हे सुटते का?

उत्तर (सांगली)

मी या कामात चोवीस वर्षे आहे. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने एंट्री लोड, म्हणजे गुंतवणूक करतानाच कापले जाणारे आणि ज्यातून आमचे कमिशन निघे ते शुल्क, बंद केले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी हा व्यवसायच सोडून दिला. मी राहिलो, पण घाबरून ग्राहकांची संख्या वाढवत गेलो आणि काही वर्षांनी तुम्ही आज जिथे आहात तिथेच येऊन पोहोचलो. त्यामुळे जे लिहितो आहे ते अनुभवाचे आहे.

माझ्या कामात एकाच गोष्टीने खरा फरक पडला. पहिल्या भेटीत मी फंडाचे नावच काढत नाही. ‘हे पैसे कशासाठी?’ एवढे विचारतो आणि गप्प बसतो. हे गप्प बसणे मला शिकावे लागले, कारण समोरचा थांबला की आपण लगेच तक्ता पुढे सरकवतो. थोडी कळ काढली, तर माणूस दुसरे वाक्य बोलतो आणि खरे कारण बहुधा त्या दुसऱ्या वाक्यात असते. ‘निवृत्तीसाठी’ असे आधी म्हटले जाते. मग थोड्या वेळाने ‘भावाचे कर्ज माझ्या नावावर आहे, ते फिटेपर्यंत झोप लागत नाही’ हे बाहेर येते. जे ऐकले ते मी त्यांच्याच शब्दांत, मराठीत, एका पानावर लिहितो. वाचून दाखवतो, तारीख घालून त्यांची सही घेतो, एक प्रत त्यांना देतो आणि एक फाइलला लावतो.

या कागदाचा उपयोग मला मार्च २०२० मध्ये कळला. जानेवारीत १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला; त्या एका दिवसात तो सुमारे १३ टक्के पडला होता. संध्याकाळी हळदीचा व्यापार करणाऱ्या एका ग्राहकाचा फोन आला, “सगळे काढा, उद्या सकाळीच काढा.” मी बाजाराबद्दल काहीच बोललो नाही. फाइल उघडली आणि २०१७ साली त्यांनी सांगितलेले वाचून दाखवले: ‘हे पैसे धाकट्याच्या शिक्षणाचे. तो बारावी होईपर्यंत, म्हणजे २०२६ पर्यंत, याला हात लावायचा नाही. धंद्यात अडचण आली तर एफडी मोडायची, हे नाही.’ पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “हे मीच बोललो होतो का?” त्यांनी पैसे काढले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निफ्टी जुन्या उच्चांकाच्या वर गेला, पण तो जाईल हे त्या संध्याकाळी मलाही ठाऊक नव्हते, आणि तसे वचन मी त्यांना दिलेही नव्हते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात दोघांनी माझे न ऐकता सगळे विकले. त्यांच्या फाइली काढून पाहिल्या, तर उद्दिष्टाच्या रकान्यात मी ‘दीर्घ मुदतीत चांगला परतावा’ असे लिहून ठेवले होते. त्यांना थांबवण्यासारखे त्या कागदावर काही नव्हतेच. ही चूक माझी होती.

तेव्हापासून जोखमीची भाषाही मी बदलली. ‘तुम्हाला ३८ टक्के घट सहन होईल का?’ असे विचारले की सगळेच मान हलवतात. ‘चाळीस लाखांचे दोन महिन्यांत पंचवीस लाख झालेले दिसले, तर घरी काय सांगाल?’ असे विचारले की माणूस बायकोकडे बघतो, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. असे प्रश्न बाजार चढता असतानाच विचारावेत. पडत्या बाजारात विचारले तर समोरच्याला ती धमकी वाटते.

संख्येबद्दल म्हणाल, तर मी आज १४० कुटुंबांवर थांबलो आहे. वर्षातून दोन निवांत भेटी आणि अधूनमधून एखादा फोन एवढे धरले, तर याहून जास्त माझ्याने होत नाही. काही कुटुंबांना मी स्वतःहून सांगितले की मी तुम्हाला पुरेसा वेळ देऊ शकत नाही, आणि गावातील एका तरुण वितरकाशी त्यांची गाठ घालून दिली. कमिशन कमी झाले आणि दोन वर्षे जरा ओढाताण झाली, पण निर्णय योग्यच होता असे मला वाटते.

उत्तर (ठाणे)

मी सेबी-नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. सल्लागारांसाठीच्या २०१३ च्या नियमांत २०२० साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यानंतर व्यक्ती म्हणून नोंदणी केलेल्या सल्लागाराला वितरण करता येत नाही. ट्रेल सोडावे लागते आणि उत्पन्न फक्त ग्राहकाने दिलेल्या शुल्कावर उभे राहते. लेखी करार, जोखीम-क्षमतेची तपासणी आणि दिलेल्या सल्ल्याची नोंद पाच वर्षे जपणे बंधनकारक आहे. ही शिस्त मला आवडते. मात्र शुल्क घेतले म्हणून ग्राहक मनातले बोलू लागतो, असे मुळीच नाही. गुरुजींनी तुम्हाला फ्लॅटचे सांगितले नाही, ते तुम्ही कमिशन घेता म्हणून नव्हे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सांगलीच्या सरांनी लिहिले की माणूस बायकोकडे बघतो; पण पुष्कळदा ती त्या खोलीत नसतेच. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीहून एक बाई माझ्याकडे आल्या. नवऱ्याला जाऊन अठरा दिवस झाले होते. हातात कापडी पिशवी, तिच्यात पॉलिसी, फंडांची स्टेटमेंट, वीजबिले, सगळे एकत्र. नवऱ्याची गुंतवणूक पाहणारा माणूस दहा वर्षांपासूनचा, पण या बाईंनी त्याला कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी मला गुंतवणुकीबद्दल एक अक्षरही विचारले नाही. त्यांचा प्रश्न होता, “या महिन्याचे सोसायटीचे पैसे कुठल्या खात्यातून भरू?” घरातले एकमेव चालते खाते नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होते.

त्या दिवसापासून पती-पत्नी दोघे आल्याशिवाय मी पहिली भेट सुरू करीत नाही, आणि पहिला प्रश्न दोघांपैकी जे गप्प बसले आहेत त्यांना विचारते. बहुतेक वेळा ‘यांनाच सगळे माहीत’ असे उत्तर येते. मग मी विचारते, “हे आठ दिवस गावाला गेले, तर घर चालवायला पैसे कुठून काढाल?” या प्रश्नातून संयुक्त खाते, नॉमिनी, मृत्युपत्र, मुदत विमा असे एकेक करून सगळेच निघते.

उत्तर (पुणे)

मी या व्यवसायातला नाही, ग्राहक आहे. वीज मंडळातून निवृत्त झालो. ग्राहकाला काय हवे असते, तेवढे लिहितो.

माझ्या आधीच्या सल्लागाराकडून दर तिमाहीला बावीस पानांचा रंगीत अहवाल येत असे. त्यात स्टँडर्ड डेव्हिएशन होते, अल्फा होता, पण माझे पैसे मला किती वर्षे पुरतील हे कुठेच नव्हते. आताच्या बाईंचे वर्षातून एक पत्र येते. ‘तुमचा महिन्याचा खर्च ४५ हजार धरला आहे, तो वाढला असेल तर कळवा’ अशी त्याची सुरुवात असते. ते पत्र मी आणि माझी पत्नी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतो.

ग्रॅच्युइटीवरील कराचा एक प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे मला नक्की माहीत नाही, सीएंना विचारून परवा सांगते.” आणि परवा सकाळी त्यांचा फोन आला. माझा विश्वास त्या फोनने बसला.

प्रश्नकर्ता (नाशिक)

तिघांचेही मनापासून आभार. ३१० नावांची यादी काढून बसलो आणि प्रत्येक नावापुढे त्या घरातील दुसऱ्या व्यक्तीचे नाव लिहायचा प्रयत्न केला. नव्वदच्या पुढे मला लिहिता आले नाही. सल्लागार नोंदणीचा विचार तूर्त बाजूला ठेवतो. आधी ही यादी पुरी करतो. सांगलीच्या सरांना एक विचारायचे आहे: जुन्या ग्राहकाला नऊ-दहा वर्षांनी ‘हे पैसे कशासाठी?’ असे विचारताना अवघडल्यासारखे होते, तेव्हा तुम्ही सुरुवात कशी केलीत?

काल गुरुजींना फोन केला आणि “मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलायचे आहे, वहिनींनाही घेऊन या,” असे सांगितले. ते रविवारी सकाळी येत आहेत. फ्लॅटचे कागद सोबत आणू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, जरूर आणा.